मृत्युलेखाचे आगाऊ पैसे

...नाही, पण तुम्हीच सांगा, पैसे आधी कोण देतो हो? मी जन्मभर फुकट लिहीत आलोय! मेव्हण्याच्या दुकानाच्या उद्घाटनाचं भाषण फुकट, साहेबांच्या निरोपाची कविता फुकट, आणि वर "तुम्हाला काय हो, बसल्या बसल्या होतं!" हे ऐकायचं, तेही फुकट! आणि मध्यंतरी हा कुलूपवाला... कोपऱ्यावर कुलपांचं दुकान नाही का, तो... दारात उभा. हातात पाकीट. म्हणाला, "वडिलांवर मृत्युलेख लिहून हवाय. हे पैसे. सगळे."

सगळे! आधी! मी चेहरा पाडून विचारलं, "कधी गेले?"

"गेले नाहीत अजून."

आता बोला! बायकोनं आतून येऊन पाकीट उचललं, एकेक नोट खिडकीशी धरली आणि माझ्या कानात म्हणाली, "नोटा खऱ्या आहेत. म्हणजे माणूसच खोटा!" बरोबरच आहे तिचं! पैसे आधी कोण देतो हो? ज्याला घाई असते तो! आणि बापाच्या मृत्युलेखाची घाई...? तरी म्हटलं, "वडिलांबद्दल काही सांगा की." तर म्हणतो कसा, "तुम्हीच लिहा काहीतरी बरंसं." पोटचा पोरगा, बघा! मी हटूनच बसलो. तेव्हा कुठे, जमिनीकडे बघत पुटपुटला, "लहानपणी गिऱ्हाइकाच्या तिजोरीच्या किल्ल्या माझ्या हातून हरवल्या. बाबा म्हणाले, 'माझ्या हातून हरवल्या.' गिऱ्हाइकानं चारचौघांत त्यांना चोर म्हटलं. घरी आल्यावर मला एका शब्दानं बोलले नाहीत."

आता, काटा काढणारा माणूस असं बोलेल का? ...बोलेलही! पैसे आधी कोण देतो हो?

लेख लिहिला आणि तडक गेलो म्हाताऱ्याला सावध करायला. दार त्यानंच उघडलं. ताठ! गालाला साबण, हातात वस्तरा! मी कुजबुजलो, "आजोबा, जेवताना जरा बघून जेवत जा... तुमच्या मुलानं तुमचा मृत्युलेख..."

"आणलात?" म्हातारा खूश! "मीच सांगितलं त्याला. मेल्यावर सगळे गोड बोलणार, मग ऐकायला मी नको? आणि बजावलं होतं, पैसे आधी टाक! थोरल्या भावाचा फुकटात लिहून घेतला, तर लिहिणाऱ्यानं आमच्या जिवंत वहिनीलाही त्यात मारून टाकलं!"

तेवढ्यात मुलगाही बाहेर आला. मी वाचायला लागलो. किल्ल्यांपाशी आलो आणि म्हाताऱ्याचा वस्तरा थांबला. "हे तुला आठवतं?"

मुलगा म्हणाला, "रोज."

बस! एवढंच! गालावरचा साबण वाळून गेला, पण कुणी हललं नाही... मीसुद्धा, तुम्हाला सांगतो, उगाच खिडकीबाहेर बघत राहिलो.

मग म्हातारा घसा खाकरून म्हणाला, "ते 'कष्टाळू' काढा, 'देखणा' घाला." घातलं! पैसे घेतलेत ना! पुढच्या आठवड्यात, "पोहायला शिकतोय, तेही येऊ द्या." येऊ दिलं! आता दर रविवारी बोलावणं... म्हातारा मरत नाही आणि लेख संपत नाही! काल शेवटी मनाचा हिय्या केला, म्हटलं, "आजोबा, ह्या वाढीव मजकुराचे काही..." तर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणतो, "अहो, तुमच्याशी कसला व्यवहार? तुम्ही आता घरचेच!"