माथ्यावरचा ठिपका

नाही, आकाश जांभळं केलंत, करा बापडे. आकाश काही माझ्या नावावर नाही. त्यात एक चंद्र टाकलात, तोही पुरा, तोही परातीएवढा, आणि फोटो काढला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते, तरी म्हटलं चला, असेल चंद्राला हौस. खाली तळं खोदलंत, तळ्यात त्याच चंद्राचं प्रतिबिंब पाडलंत, काठाने सात उंट चालवलेत... आणि तुम्हाला सांगतो, त्या अख्ख्या सहलीत आम्हाला उंट दिसला एक, तो बसलेला होता आणि उठायला तयार नव्हता. इथपर्यंत सगळं मी गिळलं. पण ठिपका? ठिपका का हो पुसलात? असं मी विचारणार होतो. अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर कोण, तर जावई. आता जावई माणूस, बोलणार कोण?

थांबा, असं मधूनच सांगून तुम्हाला कळायचं नाही. मी नकाशे काढायच्या कचेरीत छत्तीस वर्षं काढली. हाताने, शाईने. आमच्याकडे एकच धर्म, जिथे विहीर आहे तिथे विहीर काढायची आणि जिथे नाही तिथे नाही काढायची. एकदा आमच्यातल्या एकाने कोपरा फार मोकळा दिसतोय म्हणून तिथे एक छोटंसं तळं काढलं, तर साहेब त्याला शांतपणे म्हणाले, "आता जा आणि पाणी भरून ये." अशा कचेरीत मुरलेला माणूस मी.

निवृत्त झालो आणि त्याच वर्षी हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ही म्हणजे आमची बायको. ऑपरेशन उत्तम झालं, पण हिच्या मनाने घेतलं की आपण आता काठीच्याच. हाडाचे डॉक्टर म्हणाले, "काठी सोडा." ही म्हणाली, "सोडते," आणि वर्षभर सोडली नाही. शेवटी लेकीने कंटाळून आम्हाला वाळवंटाच्या सहलीला धाडलं. तिथे ही भली थोरली वाळूची टेकडी. सगळे वर निघाले. मी म्हटलं, "आपण खालीच बसू." ही म्हणाली, "तुम्ही बसा." आणि चालायला लागली की हो.

मी खालून बघतोय. एक पाऊल, दुसरं पाऊल, बाजूला काठीचं भोक. वाळू अशी की पाऊलभर वर जावं तर अर्धं पाऊल खाली यावं. निम्म्यावर थांबली. मला वाटलं, आता फिरते मागे. तर हिने काय करावं? काठी उपसली, काखेत मारली आणि तशीच वर गेली. माथ्यावर पोचली तेव्हा दिसत होती तिळाएवढी. तेव्हा मी फोटो काढला. डोळ्यांत पाणी होतं, उगाच खोटं कशाला बोलू? त्या फोटोत दुसरं काहीही नाही. पिवळी टेकडी, पावलांची ओळ, ओळीशेजारी काठीची भोकं, तीही निम्म्यापर्यंत, पुढे नुसती पावलं आणि माथ्यावर एक ठिपका. नकाशाच होता हो तो. मी आयुष्यात काढलेला सगळ्यांत अचूक.

घरी आल्यावर काठी जी दाराआड गेली ती गेली. येईल त्याला ही माझा फोन उघडून दाखवायची. गॅस तपासायला माणूस आला, त्यालाही. दोन बोटांनी फोटो मोठा करायचा आणि सांगायचं, "ही भोकं बघा, इथे संपली. आणि ही मी."

तुम्ही म्हणाल, मग जावयांना नव्हतं का सांगितलं? सांगितलं होतं हो, दोनदा. पण आमचे जावई दाताचे डॉक्टर. त्यांच्यासमोर माणूस दिवसभर तोंड उघडून बसतो, पण बोलू शकत नाही, त्यामुळे समोरच्याचं ऐकायची सवयच राहिलेली नाही. माणूस सोन्यासारखा, फक्त ऐकत नाही. आणि फावल्या वेळात छंद काय, तर कॉम्प्युटरवर फोटो सुधारायचे. मी आपला सहज म्हणालो, हा फोटो मोठा करून भिंतीवर लावायचाय. लगेच म्हणाले, "बाबा, द्या इकडे. मी बघतो." आता दाताचा डॉक्टर 'मी बघतो' म्हणाला की समजून जावं, काहीतरी उपटलं जाणार. पण जावई माणूस, बोलणार कोण?

तीन रविवारांनंतर आले. हातात दाराएवढी फ्रेम, वर कागद. कागद काढला आणि बाजूला उभे राहून म्हणतात, "आई, बाबा, हा नुसता फोटो नाहीये. मी वाळवंटाचा नव्याने अर्थ लावलाय." अर्थ लावलाय! अहो, अर्थ होता की त्याला, तुम्ही कशाला लावताय?

मग सुरू झाले. "मूळचा फार पिवळा होता हो, बाबा. आधी सगळा पांढरा करून घेतला." सवय, दुसरं काय. "आणि वाळूत जिकडेतिकडे खड्डे. एकेक खड्डा बुजवला. शेजारची चांगली वाळू उचलायची आणि खड्ड्यावर बसवायची. बारीक काम असतं. आता हात फिरवून बघा, कुठे खडबडीत लागतंय का?" मी काचेवरून हात फिरवला. काय करणार? म्हटलं, "नाही लागत." "आणि वर टोकाला ना, एक काळा डाग होता. कीड असते तसा. तो मुळापासून काढला."

ती कीड माझ्या शेजारी उभी होती.

मी हळूच हिच्याकडे बघितलं. ही त्या टेकडीच्या माथ्याकडे बघत होती. गुळगुळीत माथा, वर तो मेला चंद्र. मग म्हणाली, "छान झालंय. रंग छान आहेत." आणि चहा टाकते म्हणून आत गेली.

मी विचारलं, "मूळ फोटो असेल ना?" तर म्हणाले, "तो? तुमचा फोन गच्च भरला होता बाबा, मी मोकळा करून दिला. तसाही खराबच होता ना तो." माझा पारा असा चढला म्हणता... तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात लेकीने दंड धरून मला बाजूला नेलं. "बाबा, मला कळलं तोवर उशीर झाला होता. पण तीन रविवार पाठ मोडेस्तोवर बसलेत ते तुमच्यासाठी. काही बोलू नका." आता सांगा, बोलणार कोण?

फ्रेम लागली भिंतीवर. शेजारचे आले. "अरे वा, तळ्याकाठी गेला होतात?" ही नुसती हसली. पूर्वी काय सांगत सुटायची, आता दाखवायलाच काही उरलं नाही. आणि चौथ्या दिवशी कानावर आवाज आला, टक, टक. बघतो तर हातात काठी. म्हणाली, "जिना आहे ना, असू दे हातात." म्हणजे बघा, हाडाच्या डॉक्टरांनी जो गुडघा बसवला तो दाताच्या डॉक्टरांनी उपटला.

मग मात्र मी ठरवलं, जावई असो नाहीतर आणखी कोणी असो, बोलायचंच. फोन लावला. म्हणाले, "बोला बाबा, दात दुखतोय का?" फोनवर कुठे सांगत बसायचं, म्हणून म्हटलं, "हो." गेलो दवाखान्यात. खुर्चीत बसलो, मनात सगळं जुळवलेलं, "हे पहा जावईबापू, ती कीड नव्हती..." एवढं म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडात कापूस. पाऊण तास. चांगला धडधाकट दात घासून, चकचकीत करून दिला आणि वर म्हणतात, "वेळेवर आलात." मी मान डोलावली. बोलणार कोण, आणि कशाने?

घरी आलो तो तसाच रागात. माझी जुनी पेटी काढली, त्यातलं सगळ्यांत बारीक टोकाचं पेन घेतलं, खुर्चीवर चढलो आणि काचेवर, टेकडीच्या माथ्यावर, दिला एक ठिपका. मागून आवाज आला, "थोडी डावीकडे होते मी." पुसला, डावीकडे दिला. मग खालपासून पावलांची ओळ काढली, शेजारी काठीची भोकं काढत वर गेलो. ही म्हणाली, "बास, इथे उचलली मी." तिथे भोकं थांबवली. आणि संध्याकाळी काठी पुन्हा दाराआड.

आता संपलं असं तुम्हाला वाटेल. रविवारी जावई आले. चहा घेता घेता नजर गेली भिंतीकडे. उठले, खिशातून रुमाल काढला, काचेवर एक हाः केलं आणि खालपासून वरपर्यंत, अगदी माथ्यापर्यंत, स्वच्छ पुसून काढलं. "तुमच्याकडे काचेवर फार घाण बसते हो, बाबा. पुढच्या खेपेला काच पुसायचं चांगलं औषध आणतो." मी म्हटलं, "आणा हं, आठवणीने."

ते गेल्यावर मी हिच्याकडे बघायलाच धजेना. तोंडातल्या तोंडात म्हटलं, "दर रविवारी पुसणार हा माणूस."

"पुसू दे हो," ही म्हणाली, "मी परत चढेन." आणि खुर्ची भिंतीशी ओढून माझ्यापुढे हात केला. मी आपलं टोपण काढून पेन दिलं आणि खुर्ची धरून उभा राहिलो. दुसरं करणार काय?