काजळाचे ठिपके

कोंडाबाई : चष्मा लावा आन् नीट बघा, बाई. शाईचा डाग न्हाय त्यो. काजळ हाय.

शिवकन्या : काजळ? मावशी, ही वही घेऊन मी परदेशात जाऊन आले. इतकी वर्षं हे डागच समजत होते.

कोंडाबाई : तिकडं तीट कोण लावतंय! तुमी तरी इचारायचं.

शिवकन्या : पण सगळ्या पोरांच्या नावापुढं नाहीत. आपण ईट गावातली आणि आसपासची चारशे बारा पोरं तोलली. ठिपके सदतीस नावांपुढं. त्यांनाच का?

कोंडाबाई : आधी च्या घ्या. बिनसाखरेचाच केलाय. साखरेच्या डाक्टरीणबाईसमोर डबा उघडायची भीती वाटती.

शिवकन्या : मावशी, चहा राहू द्या.

कोंडाबाई : सांगते. भूकंपाच्या आदल्या साली तुमी मला झोळी आन् काटा दिला. पोर जन्मलं की त्याच्या घरी जायचं, तोलायचं, आकडा वहीत टाकायचा. पर काट्याभवती सासू उभी, शेजारणी उभ्या. आकडा मोठ्यानं सांगावा लागायचा.

शिवकन्या : हो. सगळ्यांना उत्सुकता असायची.

कोंडाबाई : उत्सुकता कसली! कडूबाईचा बजरंग तोलला, तर झोळीत काय हाय का न्हाय कळंना. सासू म्हनली, किती? कडूबाई नुस्ती माझ्या तोंडाकडं बघाया लागली. दिस भरले तरी खुरपत हुती ती. समद्यांची जेवणं झाल्यावर उरलं तर खायची. आन् पोर बारीक निघालं की बोल तिलाच. म्या म्हनलं, दोन किलो सातशे.

शिवकन्या : आणि वहीत?

कोंडाबाई : त्येच. सासवा शाळेतल्या पोरांकडनं वही वाचून घ्यायच्या. म्हनून ठिपके. एक ठिपका म्हंजी पाव किलो म्या वाढवलं.

(शिवकन्या वही मिटून मांडीवर ठेवते.)

शिवकन्या : हलकी जन्मलेली पोरं पुढं मधुमेहाकडं लवकर जातात का, हे मी बघत होते. तसंच दिसलं. फक्त काही जणांचं कोडं सुटेना. जन्मताना चांगली भरलेली, आता अंगानं सडपातळ, तरी तिशीत साखर. त्यांच्यावर लेख लिहिला. माझ्या सगळ्या कामात तोच गाजला. पुढच्या महिन्यात त्याच्यासाठीच माझा सत्कार आहे.

कोंडाबाई : त्ये कोडं म्या घातलं व्हय?

शिवकन्या : तुम्हीच. मला एकटीला तरी कानात सांगायचं, मावशी.

कोंडाबाई : तुमी कानात सांगितलेलं बी लिवून ठिवत हुता की.

शिवकन्या : मग आज का सांगताय?

कोंडाबाई : परवा बजरंगाच्या घरला गेले. त्याची बायको म्हनत हुती, च्या ढोसून ढोसून साखर लावून घेतली. त्यो मान खाली घालून ऐकत हुता. हुबेहूब कडूबाई. तिची सासू गेली, ती बी गेली. आता खरं सांगितलं तर बोल कुणाला लागणार हाय? तुमालाच लागंल, यवढंच वाईट वाटतंय.

शिवकन्या : लागू द्या. लेख चुकला म्हणून छापणाऱ्यांना कळवावं लागेल.

कोंडाबाई : आन् सत्कार?

शिवकन्या : त्यासाठी घेतलेली साडी नेसून बजरंगच्या घरी जाऊ. त्याच्या बायकोला मी समजावते. तुम्ही सोबत चला.

कोंडाबाई : चालंल. पर च्या तिथं बी बिनसाखरेचाच मिळंल.

शिवकन्या : पेन द्या ते. एकेक नाव दुरुस्त करू. बजरंग. दोन किलो सातशे, पुढं तीन ठिपके. म्हणजे एक किलो नऊशे पन्नास.

कोंडाबाई : तेवढाच हुता. पर रडायचा लई मोठ्यानं. त्ये बी लिवा.