फक्त बघायची परवानगी

—नाही गं, ते नको उघडूस, ते दुसऱ्याच कुणाचं आहे. बंद कर. पूर्ण बंद. हं. आता खुर्ची जवळ ओढ आणि नीट बघ. इथं उजवं बटण दाबायचं—"नेटवर्क ड्राइव्ह जोडा" आलं ना?—त्यावर जा. आता सर्व्हरचं नाव टाक, ते काय समोर भिंतीवर चिकटवलंय, आणि त्याच्यापुढं आपल्या ड्रॉइंगच्या फोल्डरचं नाव. खाली "वेगळ्या नावानं जोडा" असं दिसतंय, तिथं खूण कर, नाहीतर हे मशीन जुन्याच नावानं आत शिरायला बघतं आणि दारातून परत येतं. जुनं नाव कुणाचं म्हणजे? तुझ्या आधी या खुर्चीत होती तिचं. माझी धाकटी जाऊ. हो, सख्खी जाऊ, एकाच घरात राहतो आम्ही—असं तोंड काय करतेस? चहाच्या मशीनपाशी कुणी अजून सांगितलं नाही वाटतं तुला. सांगतील. त्यांना दुसरं काम काय?

आता पासवर्ड विचारतंय. तुझा तू टाक, मी तिकडे बघते. आणि एक ऐक—पासवर्डात कुणाचं नाव घालू नकोस. नवऱ्याचं नको, आईचं नको, लाडाचं तर मुळीच नको. या बाईनं काय ठेवला होता माहितीये? भिंगरी. भिंगरी म्हणजे माझी मुलगी—घरात आम्ही तिला भिंगरीच म्हणतो—आणि पुढं तिची जन्मतारीख. स्वतःला मूलबाळ नाही ना, मग दुसऱ्याच्या लेकराचं नाव सकाळ-संध्याकाळ टाइप करत बसायचं. माझ्या शेजारच्या टेबलावर! आणि मला पत्ता नाही! मी जन्म दिलाय तिला, टाके पडलेत मला, आणि ही—जाऊ दे. मला कसं कळलं? तिनंच सांगितलं की. आपण होऊन. फोनवर.

तुला पहिल्यापासून सांगते, म्हणजे चहाच्या मशीनवरचं ऐकायला नको. तिला इथं चिकटवलं कुणी? मीच. लग्न होऊन आली, घरात नुसती बसून होती, म्हटलं चल, आमच्याकडे लोखंडी जिन्यांची ड्रॉइंगं काढायला माणूस हवंय. शिकली. पटकन शिकली, ते मी नाकारत नाही. इतकी पटकन की साहेब माझ्या टेबलावरून पुढं जाऊन तिच्या टेबलाशी थांबायला लागले. घरी तेच. जेवायला बसलं की सासरे विचारणार, "धाकटे, आज कुठला जिना काढलास?" मी बारा वर्षं जिनेच काढतेय, मला कधी विचारलं नाही हो कुणी! मला म्हणायचे, "मोठे, मीठ दे." आणि मग एक दिवस साहेबांनी फायनल ड्रॉइंगच्या फोल्डरला कुलूप घातलं. कारखान्यात पत्रा त्यावरूनच कापतात, तेव्हा वाटेल त्यानं हात लावायचा नाही—बरोबरच आहे. बदल करायची परवानगी धाकटीला. आणि मला? मला फक्त बघायची. बघा म्हणे. काचेच्या बाहेरून मिठाई बघतात ना, तसं.

मग सासऱ्यांचं पोटाचं ऑपरेशन निघालं. रजा तिनं घेतली, तिला हौस फार. दुपारी दवाखान्यातून फोन—"ताई, कारखान्याला एक फाइल तातडीची हवीय, माझ्या नावानं आत जाऊन पाठवता का? पासवर्ड सांगते." आणि सांगितला. हसत सांगितला, लाजत. "रागावू नका हं," म्हणाली. मी म्हटलं, रागवायचं काय त्यात. फाइल पाठवली. तेवढंच. पण फोल्डर उघडाच राहिला ना मग... एकेक पायरी बोटाच्या पेराएवढी कमी दाखवली तर पडद्यावर कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही, मी लांबून उभी राहून दोनदा—म्हणजे साहेब म्हणाले तसं. साहेब म्हणाले. तू लिहीत काय बसलीयेस? हे लिहून घ्यायचं नाही. हे ऐकायचं.

जिना गेला एका दवाखान्याच्या इमारतीत. उभा केला तर वरच्या मजल्याला टेकेचना! वीतभर खाली लटकलेला. फिटरनं पहार घालून रेटायला बघितलं, तो घसरला, आणि त्याची दोन बोटं गेली. आता त्यानं कशाला रेटायचं? ड्रॉइंग चुकलंय हे दिसत होतं ना त्याला? लोकांना आपली अक्कल चालवायची नसते, आणि मग दुसऱ्याच्या नावानं रडतात. असो. सर्व्हरवर कोण कधी आत आलं, कुणी काय बदललं, सगळं राहतं. नाव निघालं धाकटीचं. साहेबांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं—मला घरची म्हणून. तिला विचारलं, "त्या दिवशी तुम्ही रजेवर होतात. पासवर्ड कुणाला दिला होता का?"

माझ्याकडे बघितलं तिनं. फार वेळ नाही. मी आपली खिडकीबाहेर बघत होते.

"नाही," म्हणाली. "मीच दवाखान्यातून उघडलं होतं. गडबडीत चुकलं असेल."

बघ ना! कुणी सांगितलं होतं? एक शब्द बोलली असती तर माझी नोकरी राहिली नसती. मी तर रडायची तयारी करून गेले होते, काय बोलायचं तेही ठरवलं होतं. वाया गेलं सगळं. बाहेर आल्यावर तिला म्हटलं, का गं? तर म्हणे, "भिंगरीच्या आईबद्दल लोक तसं बोलायला नकोत." माझ्यावर उपकार! माझ्याच पोरीच्या नावानं! तेव्हा खरा संताप आला मला. त्याआधी एवढा आला नव्हता.

आता घरी असते. कुणी कामाला घेत नाही, बोटांची गोष्ट सगळीकडे पोचलीय. त्या फिटरच्या घरी जाऊन येते मधूनमधून, त्याच्या बायकोनं एकदा दारातून हाकलली तरी जाते. मी कशाला थांबवू? सासरे तिच्याशी बोलत नाहीत. मला विचारतात आता, "मोठे, आज काय काढलंस?" सांगते मी. सविस्तर सांगते, ती वाढत असते तेव्हा. माझा डबासुद्धा तीच भरते. भिंगरी मात्र अभ्यासाला तिच्याच खोलीत जाऊन बसते. मारलं तरी जाते.

काय? मोठ्यानं बोल. कोणी केलं म्हणजे? सर्व्हरवर नाव आहे ना तिचं, झालं तर! माझ्याकडे अशी बघू नकोस. तशीच बघायची ती. तुझी नोकरी कायम करायची की नाही, त्यावर सही कुणाची लागते, माहितीये? माझी. मग ऊठ. जा, चहा घेऊन ये स्वतःसाठी. मला नको. दार ओढून घे.