इटलीच्या पोराला पाजलेला टँकर

(सांगणार : भागाजी, पाण्याच्या टँकरवर चालक, छत्रपती संभाजीनगर)

आम्ही मूळचे वैजापूरकडले, मेंढरंवाले. बाप मेंढरं घेऊन हिंडायचा आन् तळ पडला की आधी जित्राबाला पाणी, मग लेकरं, मग बाया, बाप सगळ्यांच्या मागून प्यायचा. मला वाटायचं साऱ्या दुनियेत असंच असतं. पुढं मेंढरं गेली, मी गाडी शिकलो, शहरात आलो आन् टँकरवर बसलो. पाणी हुडकत हिंडणाऱ्याचं पोरगं पाणी विकायच्या गाडीवर. पण पोट भरलं, नाय म्हणायचं नाय.

बहीण माझी हितंच, शहराच्या कडेच्या वस्तीत राहती. नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नाय. तिच्या पोरीचं, सुमनचं, लग्न निघालं. आमच्यात हळद लागली की नवरीच्या आंघोळीचं पाणी मामानं आणायचं, घागरभर का व्हईना. आता मामाच टँकरवाला, मग काय, सारी गल्ली म्हणायला लागली, भागाजीमामा अख्खा टँकर आणतोय, घागरीचं काय घेऊन बसलात. त्या भरवशावर कुणी पाणी धरूनच ठेवलं नाय. व्हतं नव्हतं ते सडासारवणात आन् पाव्हण्यांच्या चहात गेलं. मालकाला मी आधीच सांगून ठेवलं व्हतं. मालक म्हणला, ने की, भाचीचं लग्न हाय.

हळदीच्या दिवशी गाडी भरून निघालो तर मालकाचा फोन. उस्मानपुऱ्यात एका शेठच्या बंगल्यावर रिकामी कर, मग परत भर आन् जा. मी म्हटलं, मालक, पोरगी हळद लावून बसली. तर म्हणला, हळद काय पळून चालली का.

हा शेठ जुन्यापान्या वस्तू विकणारा. अंगणात त्यानं कारंजं मांडलेलं. गुबगुबीत नागडं पोरगं, बगलेत हंस, हंसाच्या चोचीतून धार, खाली हौद. शेठ म्हणे, इटलीचं ब्राँझ हाय, शे-दीडशे वर्षांचं. अंगावरच्या हिरव्या गंजाचंच खरं मोल म्हणे. मुंबईचं गिऱ्हाईक येणार, त्याला ते वाहतं दिसलं पायजे. काय सांगू तुम्हाला, हौद भरला, राहिलेलं लॉनला मारायला लावलं, गिऱ्हाइकाला समदं हिरवंगार दिसावं म्हणून. थेंब ठेवला नाय.

गिऱ्हाईक आलं. बाई व्हत्या, चांगल्या घरच्या. जरा वेळ बघितलं आन् म्हणल्या, पाणी बंद करा, मला हे कोरडं बघायचंय. शेठनं लागलीच हौदाचं बूच उपसलं. पाणी निघालं नालीकडं. मी पळत गेलो, म्हटलं शेठ, थांबा, गाडीला मोटर हाय, परत ओढून घेतो, घरी नवरी बसलीय. शेठ दात दाबून म्हणला, गिऱ्हाइकापुढं तुझा घाणेरडा पाइप काढू नको.

सौदा तिथंच झाला. जाता जाता बाई म्हणल्या, मी यात पाणी सोडणारच नाही हं, हॉलमधे ठेवायचंय, ओलं झालं की खराब होतं.

नालीत पाणी अजून खळखळत व्हतं आन् ते नागडं बेणं हसत उभं. शेठनं खुशीत थंडगार बाटली पुढं केली, मी हात लावला नाय. ते पाणी घशाखाली उतरलंच नसतं.

भरायच्या जागी ही मोठी रांग, संध्याकाळशिवाय नंबर नाय. तसाच रिकामा गेलो बहिणीकडं. हॉर्न ऐकून पोरं नाचत आली, बाया घागरी घेऊन उभ्या. मी टाकीवर मूठ मारली, टाकी वाजली, तवा त्यांना कळलं. बहिणीनं तोंड फिरवलं. सुमन पाटावर बसलेली, हळद वाळून गालावर भेगा पडलेल्या. म्हणली, मामा, माझं पाणी?

क्याबिनमधे माझं प्यायचं उरलं व्हतं, तांब्याभर असंल. तेच वतलं तिच्या डोक्यावर. अर्ध्या अंगाची हळद तशीच राहिली, ती बायांनी ओल्या फडक्यानं पुसली.

गाडी तीच चालवतो, मालक तोच. ती पोटाची गोष्ट हाय. पर त्या बंगल्यावरनं जाताना आजबी तोंडात थुंकी येती. सुमन बिडकीनकडं नांदती, सासरी हीर हाय म्हणे, पाण्याची. असू द्या. परत मामाकडं पाणी मागायची पाळी नको यायला तिच्यावर.