भिंगरी कुणावर गेली

(दवाखान्यात रक्त घेतात त्या खोलीबाहेरचा बाक. आजी आणि आजोबा.)

आजोबा : तू जा आत. मी इथंच बसतो. मी काही रक्तबिक्त देणार नाही.

आजी : अहो, घागरभर नाही मागत, एक नळी मागताहेत. आठ वर्षांची नात आत निमूट हात पुढे करून बसलीय, आणि तुमचं हे!

आजोबा : निमूट? कान दे जरा. नर्सला विचारतेय, रक्त गरम असतं तर त्यातून वाफ का येत नाही. सुनेने आधी तिच्या तोंडाला पट्टी लावायला हवी होती.

आजी : भिंगरीच आहे ती. पण सकाळी वेणी घालताना मला काय म्हणाली, माहितेय? म्हणाली, आजी, माझ्या रक्तात चुळबूळ सापडली तर बाई मला वर्गाबाहेर उभं नाही ना करणार?

आजोबा : मग तू काय म्हणालीस?

आजी : काय म्हणणार? तीन पेडांच्या जागी चार घातले. डोळ्यात पाणी आलं की हात चालू ठेवावा, म्हणजे कुणाला दिसत नाही.

आजोबा : मला एक कळत नाही. पोरीचं लक्ष लागत नाही, तो आजार आहे, हे डॉक्टरांनी मागेच सांगितलं. गोळीही चालू झाली. मग आता रक्त कशाला?

आजी : काल सूनबाईने दोनदा समजावलं. तुम्ही हो हो म्हणत होतात.

आजोबा : तेव्हा मी गिऱ्हाइकाच्या शर्टाला कॉलर लावत होतो.

आजी : कॉलर लावताना तुम्हाला कुणी घर पेटलंय म्हटलं तरी तुम्ही हो हो म्हणाल. ऐका आता. तिचा आजार ठरला तो बोलून, खेळवून, शाळेत विचारून. आता हे लोक शोधताहेत, की असल्या मुलांच्या रक्तात काही खूण सापडते का. आणि हे घराण्यातून उतरतं म्हणतात, म्हणून आपलं दोघांचंही हवंय. लेक येऊन देऊन गेला परवा, पंपदुरुस्तीची कामं टाकून.

आजोबा : त्याचं मिळालं ना? मग झालं.

आजी : झालं कसं? साखळीतली एक कडी गाळून चालतं का?

आजोबा : आणि सुईला घाबरतो असं समजू नकोस. पन्नास वर्षं सुईशी संसार केलाय मी.

आजी : संसार माझ्याशी केलात. सुईसुद्धा मीच ओवून दिली. खरं सांगू का, तुम्ही का देत नाही ते?

आजोबा : सांग. तुला सगळंच कळतं.

आजी : तुमच्यावर येईल म्हणून.

आजोबा : काय येईल माझ्यावर?

आजी : आता कसे हळू बोलायला लागलात! आपला लेक लहान होता तेव्हा मोठ्याने बोलायचात. दप्तर शाळेत, डबा मैदानात, एक चप्पल पायात आणि एक देव जाणे कुठे. आणि तुमचं रोजचं पालुपद, आजोळावर गेलाय. मामाचं वळण आहे. माझा भाऊ बिचारा एकदा कुठे गाडीचं तिकीट घरी विसरला, तेवढ्यावर माझं सगळं माहेर तुम्ही आडवं केलंत.

आजोबा : एकदा नाही. दोनदा विसरला.

आजी : आणि तुम्ही? हेडमास्तरांच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्यात. लग्नाला आठ दिवस नव्हते झाले, मला स्टेशनावर विसरून घरी आलात. सासूबाईंनी विचारलं, सूनबाई कुठाय, तर म्हणालात, कोण?

आजोबा : कोण नाही म्हणालो. अरेच्चा म्हणालो.

आजी : फार उपकार झाले.

आजोबा : अगं, तो धांदरटपणा. त्याला काय रक्त लागतं?

आजी : हो ना. तुमचा तो धांदरटपणा, आणि माझ्या लेकराचं ते वाईट वळण. आपला तो बाब्या आणि लोकाचं ते कार्टं! फक्त इथं कार्टंही आपलंच होतं, हे तुमच्या ध्यानात नाही आलं.

आजोबा : थट्टेत म्हणायचो गं मी.

आजी : तुम्ही थट्टेत म्हणायचात. मी थट्टेत ऐकलं नाही.

आजोबा : म्हणजे?

आजी : जाऊ द्या. भिंगरी येईल आता बाहेर.

आजोबा : नाही, बोल. अर्धं बोलून ठेवू नकोस. ते काम माझं आहे.

आजी : तो सात वर्षांचा होता. तुम्ही म्हणालात, आता एक मुलगी हवी. मी नको म्हटलं. का म्हटलं, आठवतं?

आजोबा : तुझी कंबर दुखायची. मशीनवर बसून बसून.

आजी : कंबरेला काय धाड भरली होती? घोड्यासारखी ठणठणीत होते मी. मला वाटलं, रक्तच माझं तसलं. आणखी एक जीव जगात आणायचा तो कशासाठी, शाळेत छड्या खायला? आणि घरी आला की तुमचा तो लाकडी गज. कापड मोजायचा गज तो, त्याने पोराची पाठ मोजलीत तुम्ही.

आजोबा : पस्तीस वर्षं झाली. आज सांगतेयस.

आजी : पस्तीस वर्षांत आज विचारलंत.

आजोबा : मी एक फ्रॉक बेतला होता. तेव्हाच, मुलगी हवी म्हणालो त्या सुमाराला. निळा. लपवून ठेवला होता कपाटाच्या मागे. नंतर सापडलाच नाही.

आजी : मला सापडला. पुढचा भाग शिवलेला, पाठ नुसती टाचलेली. मी पुरा केला, काजं केली, बटणं लावली. मग शेजारच्यांच्या धाकटीला दिला. फार छान दिसायचा तिला.

आजोबा : मला वाटलं, हरवला.

आजी : तुमचं हरवलेलं सगळं माझ्याकडेच असतं. आता डोळे पुसा. नर्स येतेय.

नर्स : झालं हो भिंगरीचं! शूर आहे पोर. आईबरोबर वजन करायला गेलीय, आणि जाताना माझ्या नळ्यांची टोपणं रंगांप्रमाणे लावून गेली, न सांगता. चला, आजोबा, तुम्ही आधी की आजी?

आजोबा : बाई, एक विचारतो. माझं रक्त घेतलंत, हिचं घेतलंत, की तुम्हाला कळणार का, हे पोरीत कुणाकडून आलं?

नर्स : नाही हो. सगळे हेच विचारतात. एका नळीवरून हो-नाही सांगेल अशी तपासणी अजून कुणाकडे नाहीये. शेकडो घरांतलं रक्त एकत्र बघायचं, मग काही खूण दिसली तर दिसली. नळीवर तुमचं नाव नाही, नुसता आकडा. घरी कसलाही कागद येणार नाही.

आजोबा : म्हणजे या रक्तावरून कुणी कुणाला काही म्हणू शकणार नाही?

नर्स : मुळीच नाही.

आजी : घ्या! सुटलात की. उगाच तोंड आंबट करून बसला होतात.

नर्स : फक्त हा एक कागद भरू आधी. मी विचारते, तुम्ही सांगा, मी लिहिते. घरात आणखी कुणाचा स्वभाव असा होता? म्हणजे विसरणं, धरलेलं काम सोडणं, जिवाला स्वस्थता नसणं. भिंगरीच्या बाबांचं लिहिलंय. त्यांच्या आधीच्या पिढीत?

आजी : माझा भाऊ लिहा. तिकिटं विसरायचा.

नर्स : आजीचा भाऊ. बरं. लिहिलं.

आजोबा : अगं...

आजी : असू द्या हो. तो काही ऐकायला येत नाही इथं. आणि मला सवय आहे.

आजोबा : बाई, खोडा ते.

नर्स : काय खोडू?

आजोबा : तिचा भाऊ खोडा. तिच्या माहेराला काही झालेलं नव्हतं. माझं लिहा.

आजी : अहो, कशाला? कुणाला कळणार नाही म्हणतायत ना त्या.

आजोबा : रक्ताला सांगता येत नाही म्हणतात ना? मग मलाच सांगायला हवं. लिहा बाई. आजोबा.

नर्स : पुढे काय लिहू? कधीपासून?

आजोबा : लहानपणापासून आजतागायत. लिहा, या माणसाने आयुष्यात एक काम धड पुरं केलेलं नाही. बायको मागून पुरं करत गेली, म्हणून कुणाला कळलं नाही. आणि पोराला ज्याबद्दल मारलं, ते त्याने माझ्याकडूनच घेतलं होतं.

नर्स : आजोबा, एवढी जागा नाहीये इथं. नुसता 'हो' लिहायचा असतो.

आजोबा : मग 'हो' लिहा. पण ठळक लिहा.

आजी : पुरे झालं आता. त्या बाईंना दुसरी माणसं आहेत.

आजोबा : लेकालाही सांगणार आहे. संध्याकाळी. दुकान बंद करून त्याच्याकडे जाऊ.

आजी : सांगाल खरं?

आजोबा : विसरलो तर आठवण कर.

आजी : नाही करणार. हे एक तुमचं तुम्ही लक्षात ठेवा.

आजोबा : ठेवतो.

नर्स : चला, बसा इथं. मूठ आवळा. हं. झालं बघा, किती सोपं! हा कापूस धरून ठेवा. आजी, या आता तुम्ही. बाही वर करा. शीर बारीक आहे हो तुमची, सापडत नाही लवकर.

आजोबा : जपून घ्या बाई. माझ्यापायी आधीच पुष्कळ आटलंय तिचं.