एकेकट्याचा भाव

(भाईंदर पूर्व, २००९ची दिवाळी सरलेली. स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणारा दशरथ आणि त्याची वकील पुतणी संजना, शेठ लोकांनी संगनमतानं भाव पाडल्याच्या तक्रारीच्या सरकारी चौकशीहून घरी आलेत. दशरथची बायको मनोरमा.)

मनोरमा: मला एवढंच सांग संजू, नारळाचं ह्यांना कुणी विचारलं होतं का?

संजना: नाही ना काकू. साहेबांनी विचारलं, शेठ लोकांना एकत्र बसून भाव ठरवताना तुम्ही पाहिलंत का? नाही पाहिलं म्हणायचं आणि गप्प राहायचं, एवढंच मी शिकवलं होतं.

दशरथ: तसंच बोललो मी. साहेब बोलला, मग ठरवून केलं हे कशावरून? मी बोललो, साहेब, सगळ्या शेठनी एकाच सकाळी पॉलिशचा भाव पाडला, किलोमागं सारखाच. सगळ्यांना काय एकच स्वप्न पडलं? साहेब हसला पण.

संजना: तिथपर्यंत सगळं आपल्या बाजूनं होतं.

मनोरमा: मग माशी शिंकली कुठं?

दशरथ: शेठचा वकील उठला. गोड माणूस, सारखं काका-काका करत होता. बोलला, भाव पाडल्यावर तुम्ही काय केलंत, काका? खोटं कशाला बोलू? सांगितलं, आम्ही सगळे पॉलिशवाले घोडबंदरला देवीपुढं गेलो. नारळावर हात ठेवून बोललो, जुन्या भावाखाली कोण माल उचलणार नाय. पहिला हात हरिश्चंद्राचा, ते पण सांगितलं.

मनोरमा: माझ्या भावाचं नावसुद्धा देऊन आलात. अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढं कळत नाही तुम्हाला?

दशरथ: मला बरं वाटलं गं. जन्मात पयल्यांदा कोणीतरी खुर्चीवर बसवून विचारत होता, तुम्ही काय केलंत. छाती काढून सांगितलं.

संजना: मी टेबलाखालून पाय दाबत होते त्यांचा. त्यांना वाटलं, चुकून लागला. वकिलानं तिथल्या तिथं जबाबात लिहून घ्यायला लावलं, धंदेवाल्यांनी संगनमत करून भाव बांधला. वर काकांची सही. आणि काकू, मी शेठ लोकांवर ज्या कलमाखाली तक्रार केली, त्याच कलमात आता आपण बसतोय.

मनोरमा: धंदेवाले? हे? शिंकले तर रुमाल काळा होतो, आणि हे धंदेवाले?

संजना: कागदावर मालक आहेत ते. कामगार असते तर युनियन करून भाव मागता आला असता, कोणी काही बोललं नसतं. पण गुणवंत शेठनी कारखान्यातलं पॉलिशचं खातं बंद केलं...

दशरथ: ...तेव्हा आपण पेढे वाटले. शेठ बोलला, दशरथ, नोकरी कुठवर करशील? ही मशीन घे, गाळा घे, भाडं देत जा, आजपासून तू पण शेठ. फंड गेला, रजा गेली, बोट कापलं तर टाके माझ्या खर्चानं. माल त्याचा, भाव त्याचा. मी म्हटलं, आपण वर चढलो.

मनोरमा: सत्यनारायण घातला मी. शेठला सोवळ्यातला प्रसाद नेऊन दिला.

दशरथ: आणि ते शेठ लोक काय करतात? ते नाय बसत एकत्र?

संजना: बसत असतील, काका. लग्नात भेटतात, देरासरात, त्यांच्या देवळात भेटतात. एकानं भाव पाडला की बाकीचे समजून घेतात. नारळावर हात ठेवायची त्यांना गरजच पडत नाही, मग पुरावा कुठून आणू मी?

मनोरमा: तू म्हणाली होतीस, हा कायदा आपल्यासारख्यांसाठी आलाय.

संजना: मला खरंच तसं वाटलं होतं. मोठ्यांनी मिळून लहानांना पिळू नये म्हणून आलाय, असं वाचलं तेव्हा मला तुमचेच गाळे दिसले. पण एकत्र येऊन भाव बांधला म्हटलं की त्यात लहान-मोठा बघत नाहीत. मी आधीच बघायला हवं होतं. मला लाज वाटतेय काकू.

दशरथ: रडू नको बाय. पुढं काय ते सांग.

संजना: त्यांच्या वकिलानं बाहेर गाठलं मला. आपण तक्रार पुढे रेटली नाही तर तेही मागे लागणार नाहीत. फक्त सगळ्यांनी हमी द्यायची. यापुढे एकमेकांशी भावाचं बोलायचं नाही, ज्यानं त्यानं आपापला भाव सांगायचा.

मनोरमा: हे आणि हरिश्चंद्र रोज एका डब्यात जेवतात. तिथे पण नाही बोलायचं?

संजना: तिथे पण नाही.

मनोरमा: आणि देवीला काय सांगायचं?

दशरथ: देवी घरभाडं भरते का? दिवाळीपासून मशीन बंद हाय. सगळ्यांची बंद हाय. आज गाळ्यावर शेठचा माणूस फिरून गेला. उद्यापासून एकेकट्यानं केबिनमध्ये यायचं. कमी सांगेल त्याला माल, बाकीच्यांनी गाळे खाली करायचे.

संजना: तुम्ही काय करणार?

दशरथ: जाणार. शेठनं जो भाव पाडलाय, त्याच्या पण चार आणे खाली सांगणार.

संजना: काका, मग हरिश्चंद्रमामांचा गाळा...

दशरथ: माहीत हाय मला. नको बोलू.

संजना: काकू, तुम्ही तरी काहीतरी बोला. तुमचा सख्खा भाऊ आहे तो.

मनोरमा: आठ आणे खाली सांगा. चार आणे तर तोही सांगेल.