कुंपणाआतले पॉपलर

गेंटच्या बसथांब्यावर हिल्डेच्या मागे लाकडी जोडे कोरणारे एक वृद्ध गृहस्थ आणि प्रयोगशाळेत पॉपलरची झाडे घडवणारी त्यांची कन्या बोलत उभी होती.

"उद्या तोडणार तुझी झाडं?"

"हो, बाबा. फुलोऱ्याआधी तोडावीच लागतात, पराग बाहेर उडू नयेत म्हणून नियम आहे."

"एक ओंडका दे. जन्मभर परक्यांच्या झाडांचे जोडे कोरले, एकदा तुझ्या झाडाचे कोरीन म्हणतो."

"प्रयोगाच्या शेताच्या कुंपणाबाहेर ढलपीही नेता येत नाही. शिवाय जनुकं बदलून पेशींच्या भिंती मीच सैल केल्यात, कागदाचा लगदा सहज व्हावा म्हणून. चिखलात पिचतील जोडे."

"घालायचेत कुणाला? फडताळात ठेवीन."

"नाही जमणार, बाबा."

"मग कुंपणापाशी उभा राहतो. करवत लागली की वास तरी येईल."

"पहाटे गारठा असतो हो."

"असू दे."

"या मग. वारा बघून कुठं उभं राहायचं, ते मी दाखवीन."